नानांची फाईल आणि आमचे साडू

छापलेलं एकही अक्षर या जगात वाया जात नाही, कारण रत्नागिरीत माझे साडू राहतात. जे कुणी वाचावं म्हणून छापलेलंच नसतं, तेही हा माणूस वाचतो. औषधाच्या खोक्यातला तो घड्यांचा पातळ कागद आपण गोळ्या काढताना आधी चुरगळतो. साडू चष्मा पुसून तो दोन्ही बाजूंनी वाचतात आणि मग डोकं दुखत असलं तरी गोळी घेत नाहीत, कारण कागदावरच्या दुष्परिणामांच्या यादीत डोकेदुखी चौथी असते. प्रेशर कुकरबरोबर आलेली पुस्तिका त्यांनी मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तिन्ही भाषांत वाचली आहे. गुजराती त्यांना येत नाही, पण तरी वाचली. माझी बायको थोरली आणि त्यांची धाकटी, एवढं एक नातं नसतं तर आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. मी हायस्कुलात इतिहास शिकवतो आणि वर्तमानपत्र पाच मिनिटांत संपवतो. मथळे वाचले की बातमी कळते, हे माझं मत. साडूंच्या मते मी आजवर एकही बातमी वाचलेली नाही.

त्यांच्या या सवयीचा आम्हाला फार जाच होतो, आणि त्याहून जाच याचा होतो की शेवटी तेच बरोबर निघतात. बायकोच्या चुलतभावाच्या लग्नाला आम्ही घरची सतरा माणसं नटूनथटून नेहमीच्या हॉलवर पोचलो, तर तिथे कुणाची तरी मुंज चाललेली. आम्ही अर्धा तास तिथे ओळखीचे चेहरे शोधले. बायकोच्या मामांनी तर बटूच्या हातात आहेरही दिला. साडू मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, बरोबर कार्यालयात, पहिल्या पंगतीला जेवून सुपारी कातरत बसले होते. "पत्रिकेत खाली बारीक अक्षरांत होतं," ते म्हणाले, "प्रेसच्या नावाच्या वर." आरे-वारेला सहलीला गेलो तेव्हाही तसंच. पोरंटोरं पाण्याकडे धावलेली, आणि हे किनाऱ्यावरच्या सूचनाफलकासमोर हात मागे बांधून उभे. ओहोटीत पाण्यात उतरू नये, या अकराव्या सूचनेपर्यंत पोचले आणि तिथूनच ओरडले, "सगळे बाहेर या, आज ओहोटी आहे!" आम्ही बाहेर आलो, वाळूत बसलो, डब्यातलं खाल्लं आणि घरी आलो. त्यानंतर पाण्यात पाय बुडवले ते फक्त बाराव्या सूचनेत मनाई असलेल्या कुत्र्यांनी.

जेवतानाही हाच प्रकार. पेडव्यांचं, त्या काटेरी लहान माशांचं, तिखलं पानात पडलं की आपण थोडं खातो, थोडे काटे चावतो, थोडं मांजराला टाकतो. साडू एकेक पेडवा डोक्यापासून शेपटीपर्यंत असा सोडवतात की ताटाच्या कडेला सांगाड्यांची ओळ लागते, एकही काटा मोडलेला नाही. त्यांना जेवायला आम्हा सगळ्यांच्या दुप्पट वेळ लागतो. आमच्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, मात्र या जावयाचं हेच कौतुक. "अन्नाचा मान राखतात हो," असं त्या म्हणायच्या, आणि म्हणताना माझ्या ताटाकडे बघायच्या.

साडू मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं बघतात. सासरे होते तोवर या कामाला घरात काही किंमत नव्हती. नाना जुन्या वळणाचे हेडमास्तर. मंडणगडच्या एका शाळेतून नोकरीला सुरुवात करून रत्नागिरीत निवृत्त झालेले. धाकटा जावई काय करतो असं कुणी विचारलं, तर ते "कारखान्यात असतो" एवढंच सांगत आणि विषय बदलत. पण निवृत्तीनंतर याच नानांना कॉम्प्युटरचा नाद लागला. कॉलेजच्या मुलींच्या शेजारी बसून ते क्लासमध्ये टायपिंग शिकले, एक मराठी टाइप करायचा प्रोग्राम घरी बसवून घेतला, आणि मग कितीतरी वर्षं, रोज दुपारी जेवण झालं की दोन तास टकटक करत बसले. स्वतःचं आयुष्य लिहीत होते. आईंनी डोकावून बघितलं की पडद्यावर हात धरायचे. "पुरं झालं की पहिली तूच वाच," म्हणायचे. ते काही पुरं झालं नाही. नाना गेले, वर्षभरात त्यांचा कॉम्प्युटरही गेला, आणि मागे राहिली ती पेन ड्राइव्हवरची एक फाईल. आईंनी ती दोरा बांधून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली होती.

ती फाईल उघडेना. तो प्रोग्राम बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, आणि नानांनी शेवटपर्यंत नवा घ्यायला नकार दिला होता. मी पेन ड्राइव्ह घेऊन बाजारातल्या तीन दुकानांत फिरलो. दोघांनी नुसती मान हलवली. तिसऱ्याने उघडून दाखवली, तर पानभर चौकोन, मधूनच एखादा इंग्रजी स्वल्पविराम. "काका, ही काय ओपन व्हायची नाय," तो म्हणाला. "फोटो असतील तर सांगा, ते काढून देतो." मी घरी येऊन आईंना सांगितलं. त्यांनी नुसता पेन ड्राइव्ह हातात घेऊन त्याचा दोरा सारखा केला. तेव्हा कोपऱ्यात बसून अगरबत्तीच्या पुड्याची मागची बाजू वाचत असलेले साडू म्हणाले, "मी वाचतो."

मला वाटलं, आठवड्याचं काम असेल. फाईल म्हणजे शेवटी एक कागदच, अक्षरांमागून अक्षरं. साडूंनी माझं अज्ञान एका रविवारी सकाळी, चहा थंड होईपर्यंत, दूर केलं. फाईलच्या पोटात नुसते आकडे असतात. कुठला आकडा म्हणजे अक्षर, कुठला म्हणजे समासाची रुंदी, कुठला म्हणजे काहीच नाही, हे ओळखून त्यातून माणसाला वाचता येईल असं काही काढणारा प्रोग्राम लिहायचा. त्याला पार्सर म्हणतात. त्या बंद पडलेल्या कंपनीने आपली फाईल एका जुन्या, प्रसिद्ध पद्धतीवर बेतली होती, आणि त्या पद्धतीचं वर्णन करणारा ग्रंथ उपलब्ध होता. साडूंनी तो छापून घेतला. तीन जाडजूड बाइंडिंगं झाली. मेहुणी म्हणाली, "सवत आणलीत ती आणलीत, ती पण तीन भागांत!"

तो ग्रंथ म्हणजे साडूंच्या आजवरच्या वाचनाची परीक्षा होती. पहिल्या भागात लिहिलेलं की याचा अर्थ दुसऱ्या भागात पाहा, आणि दुसऱ्यात लिहिलेलं की हे पहिल्यात सांगितलंच आहे. कारखान्यात जाण्यापूर्वी रोज पहाटे ते दोन पानं वाचत, आणि संध्याकाळी त्यातला संताप माझ्याकडे आणून रिकामा करत. "हे बघा," एकदा ते दारातूनच म्हणाले, पायातल्या वहाणाही काढल्या नव्हत्या. "इथे म्हणतात, हा आकडा नेहमी शून्य असतो. आणि पुढच्या ओळीत म्हणतात, शून्य नसल्यास दुर्लक्ष करावे. नेहमी असतो ना? मग नसल्यास कसला?" मी म्हटलं, "नानांच्या फाईलीत किती आहे?" ते हळूच म्हणाले, "सात." त्या सातापायी त्यांनी तीन आठवडे घालवले. दुर्लक्ष करावे असं छापलेलं असताना त्यांनी दुर्लक्ष केलं नाही, असा हा आयुष्यातला एकच प्रसंग. आणखी एके ठिकाणी नुसतंच लिहिलं होतं, 'ही जागा राखीव'. कुणासाठी, ते नाही. "पंगतीत मानकऱ्याचं पान मांडून ठेवतात, तसं आहे," साडू म्हणाले. "फक्त मानकरी वीस वर्षं आलेला नाही." अक्षरांचं तर आणखीनच निराळं. कुठलं अक्षर म्हणजे कुठला आकडा, हे त्या कंपनीने कुणालाच सांगून ठेवलं नव्हतं. शेवटी नानांनी टाइप करून छापलेली देवळातल्या सप्ताहाची एक जुनी नोटीस आईंच्या ट्रंकेत सापडली, आणि तिची फाईलही पेन ड्राइव्हवर निघाली. दोन्ही शेजारी ठेवून साडूंनी एकेक अक्षर जुळवलं. 'ज्ञ' मिळेना, तर त्यांचं जेवण उडालं. मग 'यज्ञ' हा शब्द नोटिशीच्या शेवटच्या ओळीत, तेल आणणाऱ्यांच्या यादीखाली सापडला. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे पेढे पाठवले.

हे सगळं होईतो दीड वर्ष गेलं. मी आधी चेष्टा करत होतो, मग मात्र चिडायला लागलो, कारण मधल्या काळात आईंच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. काचबिंदू. डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसेनासंच झालं होतं, आणि उजव्याचं डॉक्टर काही खात्रीने सांगेनात. "जोवर दिसतंय तोवर बघून घ्या," एवढंच म्हणाले. मी आईंना म्हटलं, काळजी करू नका, फाईल उघडली की मी वाचून दाखवीन. त्या ताडकन म्हणाल्या, "नको हो. मी स्वतः वाचीन. तुमच्या तोंडून कशाला ऐकू मी ह्यांना? त्यांनी मला वाच म्हणून सांगितलंनी होतं."

मग मी साडूंच्या घरी गेलो आणि नीट भांडलो. त्यांना आता सगळा मजकूर वाचता येत होता, पण ते द्यायला तयार नव्हते. मजकूर उलटासुलटा येत होता, तक्ते फुटत होते, आणि ग्रंथाचा तिसरा भाग अजून वाचायचा राहिला होता. मी म्हटलं, "अहो, नुसता मजकूर काढा. आहे तसा. मोठ्या अक्षरांत छापा आणि द्या." ते म्हणाले, "नुसता मजकूर असं काही नसतं." मी म्हटलं, "आईंचा उजवा डोळा तुमच्या तिसऱ्या भागासाठी थांबणार नाही." हे मी फार लागेल असं बोललो.  दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ठळक मोठ्या अक्षरांतली एकशे चाळीस पानं आईंच्या हातात आणून दिली. देताना तीनदा म्हणाले, "आई, हे अजून बरोबर नाही."

आई रोज सकाळी, उजेड असेल तेवढा वेळ, खिडकीत बसून भिंग घेऊन वाचायच्या. मी एकदा मागून डोकावलो. विहीर खणताना कातळ लागला त्याचं वर्णन चाललंय, तेवढ्यात थोरलीच्या बारशाचे पाहुणे, मग एकदम नानांचं स्वतःचं बालपण, आणि मग पुन्हा कातळ. मला हसू आलं. आई मात्र भिंग न हलवता म्हणाल्या, "असंच बोलायचे ते. एक धड पुरं करायचे नाहीत." दहा-बारा दिवसांनी त्यांचं वाचून झालं. कसं वाटलं विचारलं तर म्हणाल्या, "बरं लिहिलंयनी." पण त्या दिवसापासून त्या थोड्या वेगळ्या वागत होत्या. मधेच स्वतःशी हसायच्या. खिडकीत बसायच्या ते वाचायला नाही, उगाचच.

महिन्याभराने साडू माझ्याकडे आले ते काही न वाचता नुसतेच बसले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. त्यांनी तिसरा भाग संपवला होता, आणि पार्सर आता अचूक चालत होता. "जुन्या काळी कॉम्प्युटर हळू असायचे," ते सांगू लागले. "त्यामुळे आपण काही बदललं की हा प्रोग्राम सगळं पुन्हा लिहीत बसायचा नाही. नवीन मजकूर शेवटी चिकटवायचा, आणि कुठला तुकडा कधी वाचायचा याची एक यादी ठेवायचा. खोडलेलं तसंच पडून. फक्त यादीतून त्याचं नाव काढलेलं. आपण नाही का, नको झालेली वस्तू माळ्यावर टाकतो, तसं." मी म्हटलं, "मग?" ते म्हणाले, "मी यादी न बघता पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं. तुम्ही घाई केलीत म्हणून नव्हे. मला तसंच वाचायची सवय आहे. नानांनी खोडलेलं सगळं मी आईंना छापून दिलंय."

त्यांनी खिशातून दोन कागद काढले. एकावर आताच्या, बरोबर प्रतीतलं वाक्य होतं: 'मंडणगडला आम्ही चार वर्षं सुखात काढली.' दुसऱ्यावर त्याच जागी नानांनी आधी लिहून मग खोडलेला मजकूर होता. 'मंडणगडला असताना हिला शाळेत मास्तरणीची नोकरी आली होती. पत्र माझ्याच हातात पडलं. मी नको म्हटलं. का नको म्हटलं ते आज किती आठवलं तरी आठवत नाही. तिने पुन्हा विषय काढला नाही. माझं चुकलं.'

मी ते दोनदा वाचलं. पंचवीस वर्षांत नानांच्या तोंडून 'माझं चुकलं' हे शब्द मी ऐकले नव्हते, आणि आई एके काळी शिक्षिका होणार होत्या हेही आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. साडूंचा चेहरा पडलेला होता. "जे त्यांनी विचार करून काढून टाकलं ते मी त्यांच्या बायकोला वाचायला दिलं," ते म्हणाले. "हेडमास्तर होते ते. त्यांना हे चाललं नसतं. मी ती पानं परत मागणार आहे." त्यांच्या हातात बरोबर प्रत होती, सुबक बांधलेली, अनुक्रमणिकेसकट. सासऱ्यांना आता तरी आपलं काम पसंत पडावं, असं त्या माणसाच्या मनात होतं, आणि मला ते तेव्हा पहिल्यांदा समजलं. इतकी वर्षं आपण यांची थट्टाच करत आलो याची मला मनापासून लाज वाटली.

आम्ही दोघे गेलो. आई खिडकीतच होत्या. साडूंनी नवी प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली आणि चूक सांगितली. सगळी, कॉम्प्युटर हळू होते इथपासून. आईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मंडणगडचं ते त्यांनी पुसलंनी होतं?"

"हो."

"पण आधी लिहिलंनी होतं ना? का तुमच्या मशिनीने घातलंन?"

"नाही, नाही. अक्षर न् अक्षर त्यांचंच."

"मग झालं तर." त्यांनी नवी प्रत हाताने चाचपून बघितली. "ही चांगली झाल्येय. ही पोरींना द्या. त्यांना त्यांचे बाबा नीट असू देत. माझी ती मला राहू दे."

"पण आई, ती चुकीची आहे," साडू म्हणाले. त्यांच्याने राहवलंच नाही.

"असेल," आई म्हणाल्या. "मी पन्नास वर्षं वाट बघत्येय त्या एका शब्दाची. पुसलंनी तर पुसलंनी. एक दुपार तरी ते तो घेऊन बसले होते, एवढं कळलं मला."  मग त्या साडूंकडे वळल्या. उजव्या डोळ्यानेही आता त्यांना माणूस नुसता आकारानेच कळत होता, आणि त्या साडूंच्या खांद्याच्या जरा बाजूला बघत होत्या. "तुमच्याकडे कागद आहे का हो? त्यांनी त्यांचं लिहिलंनी. त्या पत्राचं माझं कुणी लिहिलेलं नाही. मला काय आता लिहायला दिसणार नाही. तुम्ही घ्या लिहून. तुम्ही काही सोडत नाही."

साडूंनी नव्या प्रतीचं शेवटचं कोरं पान उघडलं आणि पेन काढलं. आई सांगू लागल्या. पत्र आलं तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. पोस्टमन डोंगर चढून यायचा, त्याला त्यांनी पाणी दिलं होतं, पत्र मात्र नानांनी घेतलं. शाळा नदीपलीकडे होती, आणि तिथल्या पहिलीच्या वर्गाला त्यांनी एकदा कुंपणावरून बघून ठेवलं होतं. काय काय शिकवायचं, तेही ठरवलं होतं. साडू एकेक शब्द टिपत होते, आईंचा खोकलासुद्धा टिपतील असं वाटत होतं. "ह्यांनी नको म्हटलंनी," आई म्हणाल्या, "आणि मी बरं म्हटलं. मग मागल्या दारी गेल्ये आणि खूप रडल्ये. मग आत येऊन भाकऱ्या केल्या." त्या थांबल्या. पदराने तोंड पुसलं. "ते रडल्याचं पुसून टाका. नुसतं भाकऱ्यांचं ठेवा."

साडूंचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.

"पुसलं, आई," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांनी काहीही पुसलं नव्हतं.